दोनशे चाळीस कार्डांची शेड

आनंदा सातपुतेला बोलायला गोंगाट लागायचा. बाहेरगावच्या माणसाला हे सांगितलं तर तो हसेल, पण इचलकरंजीत कुणी हसणार नाही. तिथं एकेकाळी निम्मं गाव मागावर होतं, आणि एका छपराखाली चाळीस माग खडखडत असताना तोंड वाजवून काही उपयोग नसतो, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही कळायचं. म्हणून शेडमधली माणसं हातांनी आणि ओठांनी बोलायची. दोन बोटं ओठांना लावली की चहा. कपाळाशी टोपी सारखी केली की मालक आले. अशा शेकडो खुणा होत्या, आणि त्या कुणी कधी कागदावर उतरवल्या नाहीत.

आनंदा लहानपणापासून अडखळत बोलायचा. पहिलंच अक्षर घशात रुतून बसायचं, मान ताठ व्हायची, आणि समोरचा माणूस कुठं बघावं ते न कळून चपलेकडे बघायचा. शाळा त्यातच सुटली. पुढे एक मुलगी बघायला गेला, तेव्हा मुलीच्या मामाने नाव विचारलं आणि नाव पुरं बाहेर येईपर्यंत चहावर साय धरली. तिथून नकार आला, त्यानंतर आनंदा कुठं गेलाच नाही. पण सतराव्या वर्षी मगदुमांच्या शेडमध्ये कामाला लागला आणि पंधरा दिवसांत एक नवल घडलं. हा मुका समजला जाणारा पोरगा हातांनी भलताच बडबड्या निघाला. थट्टा, नकला, चहाड्या, सिनेमाची अख्खी गोष्ट, सगळं त्याच्या दहा बोटांतून धो धो वाहायचं. पुढे तो जॉबर झाला, म्हणजे माग दुरुस्त करणारा आणि जुळवून देणारा, तरी शेडमध्ये त्याचं नाव होतं ते गप्पांसाठी.

त्या गप्पांची जुनी गिऱ्हाईक म्हणजे मालन दिवटे. शेडच्या दुसऱ्या टोकाला बसून ती मागाच्या धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरायची. तिचा नवरा महादेव हा आनंदाचा दोस्त, त्यामुळे रस्त्यात भेट झाली तर ती 'भावजी' म्हणायची, आनंदा मान हलवून बाजूला व्हायचा, संपलं. शेडमध्ये मात्र गोष्ट वेगळी होती. हातबोलीत अहो-जाहो करायची सोयच नव्हती. तिथं बोट दाखवलं की तू. महादेव गेला तेव्हा घरी येऊन लोक चार चांगले शब्द बोलले, पण मालन खऱ्या अर्थाने रडली ती शेडमध्ये, आनंदाने साठ फुटांवरून 'जेवलीस का' असं विचारलं तेव्हा. तीस वर्षं हे चाललं होतं. आनंदाच्या आयुष्यात बोलणं म्हणावं असं तेवढंच होतं.

दहा वर्षांपूर्वी माग भंगारात गेले आणि शेडमध्ये ग्राफिक्स कार्डं आली. ही कार्डं मुळात संगणकावर चित्रं रंगवण्यासाठी निघाली, पण एकाच वेळी हजारो छोटी गणितं सोडवायची त्यांची खुबी पुढे सगळ्याच कामांना लागू लागली. शहरांत त्यांच्यासाठी जागा आणि वीज पुरेना, तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं की मागांच्या गावात शेडही तयार आहेत आणि विजेची जोडणीही. मगदुमांच्या शेडमध्ये दोनशे चाळीस कार्डं रांगेत बसली. पावसाचे अंदाज, औषधांचे रेणू, सिनेमातल्या लढाया, जगभरचं काम तिथं शिजू लागलं. वीस माणसांतली दोनच उरली. आनंदा कार्डांची देखभाल करायचा आणि मालन त्यांची साफसफाई. छपरातून अजून मागांच्या दिवसांतली सुताची बारीक धूळ गळायची आणि पंख्यांत अडकायची.

गोंगाट मात्र तसाच राहिला. प्रत्येक कार्डावर थंडाव्यासाठी तीन पंखे, म्हणजे सातशेवीस पंखे, सगळे जीव खाऊन फिरणारे. आनंदाला तो आवाज माहेरासारखा वाटायचा. कार्डांच्या रांगांवरून मालनचे हात दिसत होते, तेवढं त्याला पुष्कळ होतं.

मग एका मंगळवारी मालन सांगलीला कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आली.

"काय म्हणाले?" आनंदाने हातांनी विचारलं.

मालनने दोन्ही कानांवर हात ठेवले आणि चिमटीतून पीठ सांडावं तशी बोटं खाली सोडली.

तिने सावकाश सगळं सांगितलं. कानाच्या आत बारीक केस असतात, ते आवाजाने हलतात म्हणून आपल्याला ऐकू येतं. फार वर्षं फार आवाज ऐकला की ते मोडतात, आणि मोडलेले पुन्हा उगवत नाहीत. तिचे बरेचसे मोडले होते. उरलेत तेवढ्यांवर कानातलं यंत्र लावून काम भागेल, पण ते यंत्र शेडमध्ये घालता येणार नाही, कारण ते पंख्यांचा आवाजही वाढवून कानात ओतेल. आणि याच आवाजात आणखी वर्षभर राहिली तर यंत्रालाही काही धरायला उरणार नाही.

"शेड सोड मग," आनंदा म्हणाला.

"सोडून खाऊ काय?" मालनचे हात म्हणाले. मग तिने छातीशी बाळ धरल्याची खूण केली. तिची मुलगी रूपाली सिल्वासाला होती आणि तिची पोर अन्वी नुकती बोलायला लागली होती. "अन्वी फोनवर आजी म्हणते. रूपाली सांगते म्हणून मला कळतं. मला नुसतं तोंड हललेलं दिसतं."

हे आनंदाला फार लागलं. दुसऱ्याचं नुसतं तोंड हलतं आणि शब्द येत नाही, हा प्रकार त्याला चांगला ओळखीचा होता. त्याच दुपारी त्याने ठरवलं की शेड शांत करायची.

आता जॉबरचा जीव तो. पंखा ओरडतो म्हणून पंख्याला धरायचं नसतं, तो का ओरडतो ते बघायचं असतं, एवढं त्याला मागाने शिकवलं होतं. पंखा ओरडतो कारण कार्डावरची चिप तापते. चिपमध्ये अब्जावधी बारीक खटके असतात, आणि प्रत्येक खटका चालू-बंद होताना थोडी वीज खातो, तिची उष्णता होते. ही उष्णता विजेच्या दाबावर, म्हणजे व्होल्टेजवर, अवलंबून असते, तेही साध्या प्रमाणात नाही. दाब दहा टक्क्यांनी उतरवला तर उष्णता जवळजवळ वीस टक्क्यांनी उतरते. मग कारखाना दाब कमी का ठेवत नाही? कारण दोन चिपा कधी सारख्या निघत नाहीत. काही तगड्या, काही नाजूक. कारखान्याला प्रत्येकीची नाडी बघायला सवड नसते, म्हणून सगळ्यात नाजूक चिपेला लागेल तेवढा दाब सगळ्यांनाच दिला जातो. शाळेतल्या सगळ्यात जाड पोराच्या मापाने सगळ्या वर्गाचे गणवेश शिवावेत, तसंच ते.

आनंदाने एकेका कार्डाची नाडी बघायला घेतली. सकाळी एक कार्ड उघडायचं, पंख्यातली सुताची धूळ काढायची, चिप आणि तांब्याच्या पट्टीमध्ये उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळून खडखडीत झालेली असायची, ती खरवडून नवी लावायची. मग टेबलावरच्या पडद्यावरून दाब एक पायरी खाली. कार्डाला पूर्ण काम देऊन बघायचं. तगलं, तर आणखी एक पायरी. शेवटी ते बेशुद्ध पडायचं, की दोन पायऱ्या वर चढवून ते माप वहीत लिहायचं. मूळ वेगापेक्षा शंभरात तीन इतकंच काम कमी होत होतं. दिवसाला चार-पाच कार्डं व्हायची.

"काय करतोयस?" मालन विचारायची.

"यांना कमी जेवायला शिकवतोय," आनंदा सांगायचा आणि पोट आत ओढून दाखवायचा. मालन खदखदून हसायची.

मधे एकदा त्याची फजिती झाली, आणि तीही खास जॉबरची. मागांच्या शेडमध्ये सगळे माग एका ठेक्यात चालले पाहिजेत, ही जॉबरची अब्रू. सवयीने त्याने साठ कार्डांचे पंखे एकाच वेगावर नेमके बसवले आणि कान टवकारून उभा राहिला. अर्ध्या तासात शेड घुमायला लागली. सारखे म्हटले तरी पंखे एखाद्या फेऱ्याने मागेपुढे असतातच, आणि जवळजवळ सारखे दोन सूर एकमेकांत मिसळले की आवाज लाटेसारखा चढतो आणि उतरतो. इथं असे शेकडो सूर होते. पत्रे थरथरू लागले, मालन डोकं धरून खाली बसली. आनंदाला कळेना की एवढं सुरेख जुळवून बिघडलं कुठं. दोन दिवस डोकं खाजवल्यावर उमगलं, आणि आयुष्यभराच्या शिस्तीविरुद्ध त्याने मुद्दाम प्रत्येक पंखा शेजारच्यापेक्षा वेगळ्या वेगाला बांधला. लाट मोडली. उरली ती नुसती सळसळ.

नऊ आठवडे लागले. फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी शेवटचं कार्ड झालं आणि आनंदाने टेबलाशी उभं राहून ऐकलं. बाहेर रस्त्यावर भाजीवाला ओरडत होता, आणि तो शेडमध्ये ऐकू येत होता. एवढा हुशार जॉबर, पण शेड शांत झाल्यावर आपलं काय होईल याचा विचार त्याने नऊ आठवड्यांत एकदाही केला नव्हता.

मालनने कानात यंत्र घातलं, रूपालीला फोन लावला आणि शेडच्या मधोमध उभी राहिली. थोड्या वेळाने तिने हात तोंडावर धरला. मग रडतच आनंदाकडे आली आणि म्हणाली, "आजी म्हणाली वो ती! भावजी, मी ऐकलं! आजी!"

आनंदाने हातांनी विचारलं, "आणखी काय म्हणाली?"

"आता तोंडानं बोला की," मालन हरखून म्हणाली. "ऐकू येतंय मला आता! हात कशाला हलवायचे?"

तिचं काही चुकलं नव्हतं. जे परत मिळालं ते वापरून बघावंसं तिला वाटणारच. आनंदाने तोंड उघडलं. "आ-आ-आण..."

"आणू? काय आणू? चहा?" मालन म्हणाली. "थांबा, मीच आणते."

तिथून हे असंच सुरू झालं. मालन मायाळू बाई, आनंदा शब्दाशी झटायला लागला की तिला बघवायचं नाही, मग तीच वाक्य पुरं करून टाकायची, आणि दहातल्या नऊ वेळा चुकीचं. आनंदा मान हलवायचा, कारण दुरुस्त करायचं म्हणजे पुन्हा पहिल्या अक्षरापासून सुरुवात. त्याला चहा नको असताना त्याने कितीतरी चहा प्यायले.

महिनाभरात मालनच्या कानाशी फोन कायमचा चिकटला. फडकं फिरवता फिरवता ती रूपालीशी बोलायची, अन्वीला गाणी म्हणायला लावायची, सिल्वासाच्या शेजारणींचीसुद्धा चौकशी करायची. आनंदा आपल्या टोकाला उभा राहून गमतीचं काहीतरी सांगायला हात उचलायचा. पण ती बघत नसायची. गोंगाटात तिला बघावंच लागायचं, दर चार मिनिटांनी मान वर करावी लागायची. शांततेत माणसाला मान वर न करता बोलता येतं. आनंदा हात खाली घ्यायचा आणि जवळच्या एखाद्या कार्डाची उगीच धूळ झटकायचा.

त्याची कीर्ती मात्र पसरली. गावातल्या दुसऱ्या शेडवाल्यांनी त्याला बोलावून नेलं, आणि रविवारी जाऊन त्याने त्यांचीही कार्डं बांधून दिली. शहापूरच्या एका शेडमध्ये सहा जुन्या मागवाल्या बाया कामाला होत्या. तो पहिल्यांदा गेला तेव्हा त्या हातांनी त्याची यथेच्छ थट्टा करत होत्या. दीड महिन्याने गेला, तर शेड देवळासारखी शांत आणि सहाजणींच्या कानात सहा फोन. त्यातल्या एकीला त्याने दोन बोटं ओठांना लावून चहा विचारला. तिला खूण समजायला थोडा वेळ लागला. आनंदाला वाटलं, आपण गावभर हिंडून एक बोली पुसत सुटलोय, आणि लोक वर आपले आभार मानतायत.

एप्रिलच्या शेवटी भूपाल मगदूम शेडमध्ये आला. बापाच्या मागे शेड सांभाळणारा, चाळिशीतला, तसा सरळ माणूस. त्याच्या चपलांचा आवाज आता दारापासून ऐकू यायचा.

"मामा, मोठं काम आलंय," तो म्हणाला. "सिनेमा कंपनीचं. अख्खी लढाई संगणकावर काढायचीया. महिनाभर कार्डं फुल्ल सोडायची. तुमची मापं काढा आणि मूळ सेटिंगवर न्या."

पडद्यावर 'मूळ सेटिंग' नावाचं एक बटण होतं. एकदा दाबलं की दोनशे चाळीस कार्डांचा दाब पहिल्यासारखा होणार होता आणि पाच मिनिटांत पंखे किंचाळायला लागणार होते.

आनंदाने बटणाकडे बघितलं, आणि खरं सांगायचं तर त्याच्या तोंडाला पाणी सुटलं. महिनाभर गोंगाट! मालनला यंत्र काढून ठेवावं लागेल, फोन खिशात जाईल. मग ती मान वर करेल. तीन महिन्यांत साठलेलं सगळं तिला सांगता येईल, शहापूरच्या बाया, चुकीचे चहा, सगळं. ती हसेल. आणि यात आनंदाचा काय दोष? मालकाचा हुकूम होता. नुसतं बोट टेकवायचं होतं, एक अक्षरही बोलावं लागणार नव्हतं.

शेडच्या त्या टोकाला मालन पाठमोरी बसून फोनवर अन्वीला म्हणत होती, "परत म्हण. कावळा कसा करतो? परत."

"न-न-न..." आनंदा म्हणाला.

"नंतर करता? चालंल, संध्याकाळपर्यंत करा," भूपाल म्हणाला.

आनंदाने जोरात मान हलवली. मानेच्या शिरा ताठल्या, डोळे मिटले. "न-नाही क-करणार."

भूपाल बघतच राहिला. पस्तीस वर्षांत या माणसाने मगदुमांच्या कुणाला नाही म्हटलं नव्हतं. "मालक कोण मामा, तुम्ही का मी?"

"वै-वैनींचा क-का-कान..."

"कानात बोळे घालू देत की महिनाभर!"

आनंदाने मापांची वही उचलली आणि भूपालच्या हातात दिली. "म-मग मी च-च-चाललो." दोनशे चाळीस कार्डांचे दोनशे चाळीस स्वभाव त्या वहीत होते, आणि वहीतलं अक्षर आनंदाशिवाय कुणाला लागत नव्हतं. भूपालने दोन पानं उलटली आणि वही मिटली.

आनंदाने श्वास घेतला. पुढचं वाक्य त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात लांब वाक्य असावं, आणि ते बाहेर यायला किती वेळ लागला ते विचारू नये. वेग शंभरात तीनच कमी आहे. महिन्याच्या कामाला फक्त एक दिवस जास्त लागेल. एक दिवस.

भूपालने फोन काढून आकडेमोड केली. मग हसला. "एकच दिवस? मग हे आधी सांगायचं की! उगाच माझं बीपी वाढवताय." वही टेबलावर ठेवून तो निघून गेला.

आनंदाचा शर्ट पाठीला चिकटला होता. तो खुर्चीत बसला, तोवर मालन फडकं खांद्यावर टाकून आली. फोन संपला होता.

"मालक एवढा वेळ काय म्हणत होते?" तिने विचारलं. "आणि तुम्ही एवढं काय बोलत होता? मी पोरीच्या नादात, ध्यानच नव्हतं."

ती समोर उभी होती. बघतही होती. हातांनी सगळं सांगता आलं असतं, दोन मिनिटांत, नकलांसकट. आनंदाचे हात मांडीवरून उचललेही गेले. पण मग काय झालं असतं, ते त्याला स्वच्छ दिसलं. मालनला वाईट वाटलं असतं. तिने फोन खिशात टाकला असता आणि उद्यापासून दर चार मिनिटांनी आठवणीने मान वर केली असती, उपकार फेडायला. तसलं बघणं त्याला नको होतं. त्यापेक्षा तिची पाठ बरी.

"र-र..." तो म्हणाला. राहू दे, असं म्हणायचं होतं.

"रजा? रजा मागत होता?" मालन म्हणाली.

आनंदाने मान हलवली. हो.

"आता गं बया! बरं केलंत. जन्मात कधी रजा घेतली न्हाई तुम्ही. दिली का मालकांनी?"

दिली.

"किती दिवस?"

त्याने चार बोटं दाखवली.

"मग जाऊन या कुठंतरी. जोतिबाला जावा, घरात बसू नका. इथलं मी बघते, आता काय आवाज न्हाई का काय न्हाई," ती म्हणाली. एवढ्यात तिचा फोन वाजला, आणि ती तो कानाला लावून आपल्या टोकाकडे गेली.

रजा मागितली म्हटल्यावर ती घेणं आलंच. त्याने भूपालला चिठ्ठी पाठवली, वहीतली बिघडू शकणारी चार-पाच कार्डं मालनला दाखवून ठेवली आणि शुक्रवारपासून घरी राहिला. जोतिबाला काही गेला नाही, तिकिटाला गावाचं नाव सांगावं लागलं असतं. चार दिवस तो घरातच बसून होता. घरात बोलायला कुणी नव्हतं, पण तिथं बोलणं कधीच नव्हतं, त्यामुळे त्याचं नसणं तिथं शेडमधल्याइतकं लागलं नाही.